बलुत्याची टोपली आणि गिरणीचे टॉवेल

मी दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड आहे असं सांगितलं की माणसं आधी माझ्याकडं बघतात आणि मग वर किल्ल्याकडं. साडी नेसून, पायात बूट घालून ही बाई एवढ्या पायऱ्या दिवसातून दोनदा चढते, हे त्यांना पटत नाही. त्यात मी अर्थशास्त्रात एम.ए. आहे असं कुणी सांगितलं तर ती माणसं पुन्हा एकदा माझ्याकडं बघतात, या खेपेला जरा कीव करत. मला त्याचं वाईट वाटत नाही. कीव आलेला माणूस बक्षिसी बरी देतो.

प्राध्यापक व्हायचं म्हणून मी नेटची परीक्षा पास झाले, पण त्या वर्षांत भरतीच बंद होती. मग चितेगावच्या एका कंपनीत माल पाठवायच्या ऑफिसात सहा वर्षं काढली. नवरा तिथंच फिटर. ओळख झाली, लग्न झालं. पुढं ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं आणि चार टेबलांचं काम एका टेबलावर आलं. ते एक टेबल माझं नव्हतं. नवऱ्याचं घर दौलताबादला, आणि सासूबाईंचा पेरूचा गाडा किल्ल्याच्या दरवाजासमोर. त्यांना सगळं गाव 'माय' म्हणतं, मीही तेच म्हणते. दोन महिने मी गाड्यावर नुसती बसून होते. एक दिवस माय म्हणाल्या, "बाई, तू इतकं शिकलीस आन् इथं पेरूला तिखट लावायलीस. त्यो गाईड बघ, चुकीचं सांगून पैशे घ्यायला. तू बरोबर सांगून घे की." मी परीक्षा दिली, ओळखपत्र काढलं आणि चढायला लागले.

बरोबर सांगून घे, असं माय म्हणाल्या खऱ्या, पण पर्यटकाला बरोबर सांगण्यापेक्षा मजेशीर सांगितलेलं आवडतं हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. किल्ल्याची सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे त्या सुलतानाची, ज्यानं दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली आणि काही वर्षांनी परत नेली. त्यानंच चांदी कमी पडली म्हणून तांब्याची नाणी काढली आणि हुकूम सोडला, हे चांदीचंच समजा. लोकांनी घरीच तांबं ठोकून नाणी पाडली. बाजारात खोट्या नाण्यांचा पूर आला. शेवटी सुलतानानं हात टेकले, तांबं घेऊन या आणि चांदी घेऊन जा म्हणाला, आणि त्याचा खजिना रिकामा झाला. इथं मी थांबायची आणि म्हणायची, "बघा, आपल्याकडं घरोघरी मातीच्या चुली. त्या काळात घरोघरी टाकसाळी!" हे वाक्य कधी वाया गेलं नाही. पुण्याची माणसं हसली, जालन्याची हसली, इंग्रजीत सांगितलं तर परदेशीही हसले. मी पाच वर्षं त्या वाक्यावर भाकरी खाल्ली.

मग एका हिवाळ्यात एक बाई हसल्या नाहीत.

त्यांचं वय पंचाहत्तरच्या आसपास, अंगानं दणकट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेला. बरोबर त्यांची मुलगी होती, पन्नाशीची. ती मुलगी मशिनरीची इंजिनीअर. जर्मनीतल्या एका कारखान्यात नोकरीला होती आणि माझ्या नवऱ्याच्या कंपनीत नवीन पॅकिंग मशीन बसवायला आली होती. नवऱ्यानंच तिला सांगितलं होतं, किल्ला बघायचा तर माझी बायको दाखवील. आई मूळच्या रशियातल्या, एका सूतगिरणीच्या गावातल्या. आता मुलीजवळ राहायच्या. एवढ्या लांबच्या कामाला मुलीनं त्यांनाही बरोबर आणलं होतं, कारण घरी एकट्या ठेवल्या तर त्या शेजाऱ्यांचे पडदे धुऊन टाकतात, असं मुलगी म्हणाली. मी तिला मॅडम म्हणायची आणि आईंना आजी.

मी माझी टाकसाळीची गोष्ट इंग्रजीत सांगितली, मॅडमनं ती रशियनमध्ये सांगितली. मॅडम सांगतानाच हसत होती. आजी ऐकत राहिल्या, खंदकातल्या पाण्याकडं बघितलं आणि काहीतरी विचारलं. मॅडम जरा ओशाळली.

"आई विचारते, लोक घाबरले असतील ना?"

"कोणते लोक?" मी म्हटलं.

"ज्यांच्याकडं ती नाणी होती ते."

अर्थशास्त्रात मी चलनवाढ शिकले होते, खोट्या पैशानं खरा पैसा बाजारातून हाकलला जातो हा नियम तोंडपाठ होता. पण त्या माणसांचं काय झालं, ती घाबरली का, हे मला परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "असतील." आजींनी मान हलवली आणि पुढं चालायला लागल्या. शंभरेक पायऱ्यांवर त्यांचे गुडघे बोलायला लागले, म्हणून आम्ही खाली आलो आणि मायच्या गाड्याजवळ बसलो.

मायनी पेरू कापला, तिखट-मीठ लावलं आणि आजींच्या हातात दिला. आजींनी एक फोड खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं आणि दुसरी फोड मागितली. तेवढ्यावर दोघींची ओळख झाली.

मॅडमना मशीन बसवायला तीन आठवडे लागणार होते. शहरातल्या हॉटेलात आजी दिवसभर करणार काय? दुसऱ्याच दिवशी मॅडमचा फोन आला. आईला रोज तुमच्याकडं पाठवलं तर चालेल का, कंपनीची गाडी सोडील, संध्याकाळी घेऊन जाईल, तुमचे दिवसाचे पैसे देईन. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं की आजी रोज थोडा किल्ला बघतील. त्यांनी किल्ल्याकडं नंतर ढुंकूनही बघितलं नाही. गाडीतून उतरायच्या त्या थेट मायच्या गाड्याकडं जायच्या.

पहिल्या दिवशी मी फोनमधल्या भाषांतरावर भरवसा ठेवला. मी मराठीत बोलले, "माय पेरू विकतात." फोन रशियनमध्ये काहीतरी म्हणाला. आजी मायकडं बघतच राहिल्या. मग त्या फोनमध्ये बोलल्या आणि फोननं मला मराठीत विचारलं, "संपूर्ण देश विकतात का?" माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. फोननं मायना थेट दक्षिण अमेरिकेतला पेरू देश विकायला लावला होता. मी मायना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "व्हय म्हन, आर्धा विकला, आर्धा ऱ्हायला. घ्येती का इचार." त्यानंतर फोन पिशवीतच राहिला. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि भांडण झालं तरच मला हाक मारायच्या.

भांडणं व्हायची ती पेरूवरून. माय पेरूचा ढीग करायच्या, मोठे वर, लहान खाली. आजींना ते पटायचं नाही. त्या सगळा ढीग मोडायच्या आणि आकाराप्रमाणं ओळी लावायच्या, देठ सगळे एका बाजूला. माय म्हणायच्या, "ही बाई पेरूची शाळा भरवायली." पण ओळी लावल्यावर गिऱ्हाईक थांबायला लागलं, तेव्हा मायनी भांडण सोडलं.

पहिल्या रविवारी मॅडमही आली. आम्ही चौघी गाड्यामागच्या लिंबाखाली जेवायला बसलो. भाकरी, पिठलं, ठेचा. आजींनी मायच्या खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला, दोन बोटांत चोळला, उजेडात धरला आणि नापसंतीनं परत दिला.

"काय म्हनती?" मायनी विचारलं.

मॅडम हसली. "आई म्हणते, सूत कच्चं आहे. तिनं गिरणीत तीस वर्षं टॉवेल केलेत."

मग आजी सांगायला लागल्या. त्यांचं एक वाक्य मॅडम इंग्रजीत सांगायची, ते मी मराठीत सांगायची, आणि मायचा प्रश्न त्याच वाटेनं परत जायचा. त्या गावात सगळं गिरणीचं होतं. घर गिरणीचं, पोरांची शाळा गिरणीची, दवाखाना, सुट्टीला जायचं ठिकाणसुद्धा गिरणीचं. पगार ठरलेला, भाव ठरलेले. दुकानात मात्र माल यायचा तेव्हा यायचा, रांग लागायची. मग एका वर्षी देशच मोडला. आजींनी बूट आणि फ्रिज घ्यायला साठवलेल्या पैशांत, थोड्याच महिन्यांनी, नुसते बूटसुद्धा येईनात. गिरणी चालू होती, पण पगार द्यायला तिच्याकडं पैसे नव्हते. गिरणीकडं टॉवेल होते, म्हणून तिनं पगार टॉवेलात दिला.

"टावेलात?" मायनी घास तोंडाशीच थांबवला.

"महिन्याला एक गठ्ठा," मॅडम म्हणाली. "मी तेव्हा कॉलेजात होते. आई गठ्ठा घेऊन रेल्वे स्टेशनवर जायची. लांबच्या गाड्या थांबायच्या तिथं. अख्खं गाव टॉवेल घेऊन उभं असायचं. शेजारच्या गावात काचेचा कारखाना होता, ते लोक पगाराचे ग्लास घेऊन यायचे. आम्ही टॉवेल देऊन बटाटे घ्यायचो."

आजी मध्येच काहीतरी बोलून मोठ्यांदा हसल्या. मॅडम म्हणाली, "आई म्हणते, आमच्याकडं अठ्ठावीस ग्लास झाले होते आणि त्यात ओतायला काही नव्हतं."

मला वाटलं, हे ऐकून माय चकित होतील. माय गंभीर झाल्या होत्या.

"हे तर बलुतंच की," त्या म्हणाल्या. "तिला सांग, आमच्यात बी हेच व्हतं."

बलुतं म्हणजे काय, हे मॅडमना समजावून सांगायला मी सुरुवात केली. गावकीची कामं करायची आणि सुगीला मोबदला म्हणून धान्य घ्यायचं, अशी जुनी पद्धत, आमच्या लोकांवर जातीनं लादलेली. पुस्तकातलं दोन वाक्यांत सांगून झालं. मायनी मला थांबवलं.

"थांब, तुला नाय येत. माझा आज्जा गावाचं सगळं करायचा. मेलेलं ढोर वढायचं, सांगावा न्यायचा, सरकारी मानूस आला की त्याच्या घोड्याम्होरं पळायचं. सुगी झाली की टोपली घिऊन खळ्यावर जायचं. किती द्यायचं ते देनाऱ्याच्या मनावर. वरून म्हनायचे, घ्या, तुमचं नशीब. मंग बाबासाहेबांच्या मागं आमी बुद्धाच्या धम्मात आलो. माझ्या बापानं आन् भावकीनं ठरवलं, आता टोपली न्यायची नाय. मी सहा-सात वर्साची आसंल. त्या साली सुगी झाली, समदं गाव खळ्यावर, आन् आमची टोपली घरात उपडी. माय माझी रडत व्हती, खायाला काय नव्हतं. बाप खडी फोडायला गेला रस्त्याच्या कामावर. आठ दिसांनी रुपया घिऊन आला. बंदा रुपया. त्यो आमी भावंडांनी आळीपाळीनं हातात धरला. कुनाच्या खळ्यावरनं आलेला नाय, कुनी नशीब म्हनून टाकलेला नाय. मोजून आलेला."

मी हे एकेक वाक्य करून मॅडमना सांगत होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. कधी विचारलंच नव्हतं. आजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी मान हलवली, पण नाही अशी.

"आई म्हणते," मॅडम म्हणाली, "पैसा म्हणजे कागद. एका रात्रीत फुकट जातो. टॉवेल टॉवेलच राहतो, अंग तरी पुसता येतं."

"आन् मी म्हनते," माय म्हणाल्या, "टावेल देनारा म्हनतो टावेल घे, मंग तुला टावेलच घ्यावा लागतो. रुपया आसला तर काय घ्यायचं ते मी ठरविते."

माय भाकरीचा तुकडा मोडून आजींच्या ताटात टाकत म्हणाल्या, "खा. गार व्हायच्या आत खा." वाद तिथं तेवढ्यापुरता थांबला.

पुढच्या रविवारी तो वाद पुन्हा निघाला, पण या खेपेला तोंडानं नाही. नाताळच्या सुट्ट्या लागल्या होत्या. वेरूळला जाणाऱ्या गाड्यांची रांग किल्ल्यापर्यंत आली होती. दहाच्या सुमाराला फोनचं नेटवर्क गेलं, सगळ्यांचंच. कुठंतरी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली म्हणे. गाड्यावर मायनी पैसे घ्यायचा तो चौकोनी कोड लावलेला होता. आजकाल कुणाच्याच खिशात सुट्टे नसतात. माणसं पेरू हातात घेऊन फोन वर धरून उभी, जसा काही फोन उंच धरला की पैसे जाणार होते.

"नाय जात का?" माय विचारायच्या.

"नाही हो मावशी. गोल गोल फिरतंय."

"मंग ठिवा पेरू."

लोक पेरू परत ठेवून जायला लागले. माल उतरवून ठेवलेला, दोन क्रेट तर रिक्षातच. आजी मॅडमशेजारी लिंबाखाली बसून हे बघत होत्या. त्यांनी मॅडमना काय झालं ते विचारलं आणि ऐकल्याबरोबर उठल्या. रुमाल घट्ट बांधला, बाह्या वर केल्या. मॅडम म्हणाली, "अरे देवा. स्टेशनवर जाताना ती अशीच दिसायची."

पुण्याकडचं एक कुटुंब पेरू ठेवून निघालं होतं. आजींनी त्यांना हातानं अडवलं, त्यांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या चकलीच्या डब्याकडं बोट दाखवलं, मग पेरूकडं, आणि तीन बोटं वर केली. ती बाई आधी गोंधळली, मग खळखळून हसली. डबा उघडून तिनं चार चकल्या दिल्या. आजींनी एक मोडून चाखली, मान डोलावली आणि तीन पेरू दिले. वर एक लहान पेरू फुकट. बस्स, बाजार सुरू झाला.

तासाभरात गाड्याभोवती गर्दी जमली. फुलंब्रीचं एक शेतकरी जोडपं पाहुण्यांकडं निघालेलं, त्यांनी मेथीच्या दोन जुड्या देऊन पेरू घेतले. कुणी वेफर्सची पुडी दिली, कुणी पाण्याची नवी बाटली, एका नवऱ्या मुलानं बायकोचा डोळा चुकवून सासरहून आलेला काळा गॉगल दिला. कॉलेजच्या पोरींकडं देण्यासारखं काहीच नव्हतं. आजींनी त्यांना रिक्षातले क्रेट दाखवले. पोरींनी क्रेट उचलून आणले आणि प्रत्येकी दोन पेरू मजुरी घेतली. एका माणसानं चालत नसलेलं पेन पुढं केलं. आजींनी ते तळहातावर ओढून बघितलं आणि अशा नजरेनं परत दिलं, की तो बिचारा "सॉरी" म्हणून गेला. मी दोन्हीकडचं बोलून बोलून दमले. माय सुरी चालवत होत्या आणि मध्येच ओरडायच्या, "आगं, तिला इचार, टोपी कामून घेतली? टोपी काय भाकरीसंग खाऊ का?"

दोन वाजता नेटवर्क आलं तेव्हा गाडा रिकामा होता. आम्ही चौघींनी मिळकत चादरीवर मांडली. चकल्या, मेथी, वेफर्स, बेसनाचे लाडू, तीन टोप्या, गॉगल, एक छत्री, सेल्फी काढायची काठी आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास, कारण शेजारच्या रसवंतीवाल्यानंही हात धुऊन घेतले होते.

आजींचा चेहरा फुलला होता. मॅडम म्हणाली, कितीतरी वर्षांत तिला असं बघितलं नव्हतं. मायनी काठी उचलली, उलटसुलट करून बघितली.

"लई भारी झालं," त्या म्हणाल्या. "आता उद्या बागवानाला पेरूचे पैशे द्यायचेत. त्याला ही काठी देऊ का?"

मॅडमनं हे आजींना सांगितलं. आजी इतक्या हसल्या की त्यांना लिंबाला टेकावं लागलं. मग बोलल्या. मॅडम म्हणाली, "आई म्हणते, हरले. आमच्याकडंही ग्लासांचं हेच झालं होतं." आणि पुढं म्हणाली, "पण ती म्हणते, अर्धीच हरले. गाडा रिकामा झाला की नाही?"

"व्हय, आर्धीच," मायनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी बागवान टोप्या बघून नुसता हसला आणि पुढच्या बाजारापर्यंत थांबायला तयार झाला. गॉगल मात्र मायनी कुणाला दिला नाही. उन्हात त्याच लावतात.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मशीन चालू झालं. नवरा सांगत होता, ते मशीन मिनिटाला इतके खोके बांधतं की बघताना डोळे फिरतात. त्याच्या खात्यातल्या चार जणांना दुसऱ्या खात्यात हलवलं, कुणाला काढलं नाही. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण टेबल जाण्याचं दुखणं मला ठाऊक होतं. आजी निघाल्या त्या दिवशी मायनी त्यांना पेरूची पेटी दिली. विमानात नेता येणार नाही असं मॅडम म्हणाली, तर आजींनी हॉटेलात बसून त्यातले सोळा पेरू संपवले. मॅडमनंच हे फोनवर सांगितलं, आणि पुढचं काय झालं ते विचारू नका म्हणाली.

मी गोष्ट सांगायची बदलली. घरोघरी टाकसाळी हे वाक्य मी टाकलं नाही, ते चांगलं आहे. पण त्यानंतर मी लोकांना विचारायला लागले, तांब्याची नाणी कुणी घेईनासं झालं त्याच्या आदल्या दिवशी ज्या बाईनं खरी भाजी देऊन खोटं नाणं घेतलं, ती काय करत असेल? पहिले काही दिवस लोक नुसतेच बघायचे. एकानं विचारलं, ताई, तोफ कुठं आहे? पण हळूहळू माणसं बोलायला लागली. एका आजोबांनी नोटा बदलायच्या रांगेत ते कसे उभे होते ते सांगितलं. नगरकडच्या एका बाईनं दुष्काळी कामावर मजुरी म्हणून सुकडी, भाजलेल्या पिठाचा गोड चुरा, मिळायची ती गोष्ट सांगितली. चांदमिनारजवळ पोचेपर्यंत आता कधीकधी मला बोलावंच लागत नाही.

फेब्रुवारीत एक फोन आला. त्या पुण्याकडच्या चकलीवाल्या बाई, त्या रविवारी माझा नंबर घेऊन गेलेल्या. मला वाटलं चकलीचा डबा राहिला. तर त्या आता शहरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाल्या होत्या. "वस्तुविनिमय शिकवताना पोरं जांभया देतात हो," त्या म्हणाल्या. "त्या रविवारचं येऊन सांगाल का? आणि पेरूवाल्या मावशींनाही आणा."

माय आधी नाही म्हणाल्या. मग नवं लुगडं काढलं. आम्ही एसटीनं गेलो. वर्गात साठ-सत्तर पोरं-पोरी होत्या. मी तासभर बोलले, बलुत्यापासून गिरणीपर्यंत आणि तांब्याच्या नाण्यापासून चौकोनी कोडापर्यंत. घड्याळाकडं बघायचं मला सुचलंच नाही.

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. फुलंब्रीहून रोज ये-जा करणारी. तिनं मला नाही, मायना विचारलं, "आजी, मग यातली चांगली व्यवस्था कोणती?"

माय उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"मला यवस्था-बिवस्था म्हाईत नाय, बाळा," त्या म्हणाल्या. "पर माझ्या बापाला ज्या दिशी 'नको' म्हनता आलं, त्या दिशी आमच्या घरात खायाला काय नव्हतं, तरी त्यो ताठ चालत व्हता. जिथं गरिबाला 'नको' म्हनता येतं ते बरं. आन् म्हनल्यावर दुसऱ्या दिशी काम बी मिळालं पायजे. निस्तं ताठ चालून प्वाट भरत नाय."

मग त्या मुलीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माय गडबडल्या आणि खाली बसल्या. मला हळूच म्हणाल्या, "चुकलं का काय?"

"नाही," मी म्हटलं. मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं केली.

कॉलेजातून निघून आम्ही जुन्या शहरात नान-खलिया खायला गेलो. दिल्लीहून आलेल्या फौजेबरोबर हे जेवण इथं आलं असं म्हणतात. मी मायना ते सांगितलं. त्या रश्शात नान बुडवत म्हणाल्या, "मंग त्यो सुलतान येकदम येडा नसंल."

चकलीवाल्या बाईंनी प्राचार्यांना माझं नाव सुचवलं, आणि जूनपासून मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आठवड्याला चार तास. मानधन थोडं, तेही उशिरा मिळतं, पण सोमवारी आणि गुरुवारी मी खडू हातात घेते. बाकीचे दिवस किल्ला. परवा वर्गात मी हजेरी घेत होते तेव्हा पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्ही किल्ल्यावरच्या ना? आम्ही आठवीत असताना सहलीला आलो होतो. तुम्ही आम्हाला अंधाऱ्या वाटेत लई घाबरवलं होतं."

सगळा वर्ग हसला. मी त्याची हजेरी लावली आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहायला वळले.